एकाच साच्याची होडी आणि न्यायाचे माप

सर्वांना सारखे दिले म्हणजे सर्वांना न्याय दिला, असे आपण सहज म्हणून जातो. पंगतीत वाढणाऱ्याने पळी इकडेतिकडे होऊ दिली नाही, वाटणी करणाऱ्या पंचाने दोरी सारखी धरली, की त्यांच्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही, अशी आपली समजूत आहे. ही समजूत खरी की खोटी हे ठरवणे अवघड जाते, कारण प्रत्यक्ष जीवनात सारखेपणा कधी पुरता साधलेलाच नसतो. एकाच्या वाट्याला विहिरीजवळचा तुकडा येतो, दुसऱ्याच्या वाट्याला खाजणाकाठचा. मग अन्याय झाला तो सारखेपणा चुकल्यामुळे, की सारखेपणाच अपुरा असल्यामुळे, हे उलगडत नाही. या विचाराची परीक्षा घ्यायची तर जिथे सारखेपणा मिलिमीटर आणि किलोग्रॅमच्या हिशेबाने साधला आहे, अशा ठिकाणी जायला हवे.

असे एक ठिकाण आहे, आणि ते एखाद्या गंभीर संस्थेत नसून एका खेळण्यात आहे, असे म्हटले तर वाचक कदाचित हसतील. ते खेळणे म्हणजे एका माणसाने चालवायची, फायबरग्लासची, शिडाची छोटी होडी. 'लेझर' या नावाने ती जगभर गेली. २०१९ पासून स्पर्धांत तिला तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'आयएलसीए' म्हणतात. आम्ही येथे जुनेच नाव वापरू. लांबी सुमारे ४.२ मीटर, रुंदी सुमारे १.४ मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन ५९ किलो. शिडांच्या मचव्यांना ज्यांनी वसईच्या खाडीत शिरताना पाहिले आहे, त्यांना ही होडी म्हणजे मचव्याचे पिल्लूच वाटेल. परंतु अशा दोन लाखांहून अधिक होड्या आजवर बनल्या आहेत आणि १९९६ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये ती आहे.

तिचा जन्म गमतीचा आहे. १९६९ साली कॅनडातील नौकाबांधणी करणारे इयन ब्रूस यांनी आपले मित्र ब्रूस कर्बी यांना दूरध्वनी केला. हडसन्स बे कंपनीला सहलीच्या सामानाबरोबर विकण्यासाठी, मोटारीच्या टपावर चढवून नेता येईल अशी एक होडी हवी होती. कर्बी हे व्यवसायाने पत्रकार, नौकानयनाच्या मासिकाचे संपादक. होड्या रेखाटण्याचे काम ते स्वतः शिकले होते. बोलता बोलता त्यांनी कागदावर एक आकृती काढली. पुढे कंपनीने होडीचा बेत सोडून दिला आणि आराखडा वर्षभर पडून राहिला. १९७०च्या ऑक्टोबरात कमी किमतीच्या होड्यांची एक शर्यत भरली तेव्हा तो कागद बाहेर आला, घाईघाईने एक नमुना बांधला गेला आणि हान्स फोग या शीड शिवणाऱ्या कारागिराने तो चालवला. शिडाची थोडी काटछाट केल्यावर ती आपल्या वर्गात सहज पहिली आली. त्या वेळी तिचे नाव 'वीकेंडर' होते, आणि शुक्रवार उजाडल्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे शिडावर होती. ज्यांचे खरे काम शनिवार-रविवारीच सुरू होते त्या आम्हां धर्मगुरूंना या आभारप्रदर्शनात सामील होता येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता सारखेपणाकडे वळू. लाकडाची होडी कधीच दुसरीसारखी नसते. सुतार सागाची फळी वाकवतो ती तिच्या शिरेप्रमाणे. डोळ्याने माप घेतो, हाताने चाचपतो. आमच्या किनाऱ्यावरील जुने नाखवे तर एकाच सुताराच्या दोन होड्यांचे स्वभाव वेगळे सांगत: एक वाऱ्याला लवकर वळते, दुसरी हट्टी आहे. फायबरग्लासने हा स्वभावच काढून टाकला. येथे आधी एक आदर्श आकार घडवतात, त्यावरून खोलगट साचा काढतात. साच्याला मेण चोपडून आत रंगीत राळेचा गुळगुळीत थर देतात, त्यावर काचतंतूंचे कापड अंथरून पॉलिएस्टर राळेत भिजवतात. राळ घट्ट झाली की साच्यातून होडीचा तळ निघतो, दुसऱ्या साच्यातून वरची पाठ निघते आणि दोन्ही काठावर चिकटवतात. कोणते कापड, किती राळ, कोठे किती थर, हे सारे एका नियमपुस्तिकेत ठरलेले. कारागिराचा हात येथे हवा असतो, पण त्याची मर्जी नको असते.

यापुढे एक नियम केला गेला, आणि आमच्या मते लेझरची खरी रचना तळाच्या वळणात नसून या नियमात आहे. होडी जशी कारखान्यातून आली तशीच चालवायची; ज्या बदलाला नियमांनी स्पष्ट परवानगी दिली नाही, तो बदल निषिद्ध. डोलकाठी, शीड, सुकाणू, तळातून पाण्यात सरकवायची उभी फळी, सारे मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच घ्यायचे. इतर होड्यांच्या वर्गांत श्रीमंताचा मुलगा तळ घासून घेतो, हलकी डोलकाठी मागवतो, नामांकित कारागिराकडून शीड शिवून घेतो. येथे त्याला हे काहीच करता येत नाही. कसोटी होड्यांची नव्हे, चालवणाऱ्यांची, हा त्यामागचा हेतू. पैशाने विकत घेता येणारा फरक एका नियमाने पुसून टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग न्याय झाला काय?

होडी सारखी झाली, पण तीत बसणारी माणसे सारखी नव्हती. वारा शिडावर रेटतो आणि होडी कलंडू पाहते. तिला सरळ ठेवायला चालवणारा पावले पट्ट्यात अडकवून काठाबाहेर झुकतो आणि आपल्या अंगाचा भार वाऱ्याविरुद्ध टाकतो. या होडीला दुसरा तोल नाही. मूळच्या लेझरचे शीड ७.०६ चौरस मीटर. साधारण ८० किलोच्या आसपासच्या माणसाला ते शोभते. ५५ किलोची मुलगी तीत बसली आणि वारा चढला, की तिला शीड सैल सोडून वारा वाया घालवावा लागतो. तिची समज, तिचा हात, पाण्याची पारख कितीही सरस असली तरी ती मागे पडते. आणि तिला तक्रारही करता येत नाही, कारण तिला काही कमी दिलेले नसते. सारखे दिले आहे, हेच तिचे गाऱ्हाणे आहे, आणि अशा गाऱ्हाण्याला पंचांपुढे शब्द मिळणे कठीण.

या अडचणीवर पहिला उपाय सुचला तो कोणालाही सुचेल असाच होता: शीड लहान करा. डोलकाठी दोन तुकड्यांची असते, मोटारीच्या टपावर मावावी म्हणून. तिचा वरचा तुकडा आखूड केला, शीड कापले, आणि त्या प्रकाराला 'लेझर एम' म्हटले. तो फारसा रुजला नाही. कारण खालची डोलकाठी तीच राहिली, मोठ्या माणसासाठी मोठ्या शिडाला बेतलेली, ताठ. हलक्या अंगाच्या माणसाला अशी काठी वाकवता येत नाही. आणि ती वाकल्याशिवाय जोराच्या वाऱ्यात शीड सपाट होत नाही, वारा सांडत नाही. मोठ्याच्या वस्तूतून थोडे कापून धाकट्याला दिले, एवढाच त्या उपायाचा अर्थ होता. आमच्या घरांत थोरल्याच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून तो धाकट्याच्या अंगावर चढवतात. खांदे लोंबतात ते लोंबतातच.

त्यानंतर 'रेडियल' आली. तिचे शीड ५.७६ चौरस मीटरचे, आणि ते निराळ्या पद्धतीने बेतलेले. महत्त्वाचे म्हणजे खालची डोलकाठीच नवी: आखूड आणि अधिक लवचीक. पुढे आणखी हलक्या मुलांसाठी ४.७ चौरस मीटरचे शीड आले. त्याची खालची डोलकाठी तर आणखी आखूड आणि आधीच किंचित मागे वाकवलेली, म्हणजे लहान शिडामुळे पुढे सरकलेला वाऱ्याचा रेटा पुन्हा जागेवर यावा. तळ तोच, पाठ तीच, सुकाणू तेच. एकाच होडीला तीन डोलकाठ्या.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचा न्यायविचार शिकताना दोन प्रमाणे आमच्याकडून पाठ करून घेतली होती: अंकगणिती आणि भूमितीय. देवघेवीत, नुकसानभरपाईत पहिले प्रमाण चालते. तेथे देणारा कोण, घेणारा कोण हे पाहायचे नाही, जेवढे घेतले तेवढे परत. वाटपात मात्र दुसरे प्रमाण. तेथे वस्तू आणि माणूस यांतील गुणोत्तर सारखे राहिले पाहिजे, वस्तू नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी हाच भेद उचलून पक्का केला. पाठ केलेली ही विद्या अनेक वर्षे आमच्याजवळ केवळ शब्दरूपाने होती. आता साधे गणित करून पाहावे. ८० किलोला ७.०६ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे सुमारे ०.०८८. हेच प्रमाण धरून ५.७६ च्या शिडाला किती वजनाचा माणूस हवा? सुमारे ६५ किलोचा. आणि ४.७ च्या शिडाला? सुमारे ५३ किलोचा. रेडियल आणि ४.७ ही शिडे ज्या अंगलटीच्या तरुण-तरुणींसाठी धरतात त्यांच्याशी हे आकडे बऱ्यापैकी जुळतात. रचनाकारांनी ॲरिस्टॉटल उघडून शिडे बेतली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी वारा आणि अंग यांच्याकडे पाहिले, आणि उत्तर तेच आले.

ॲरिस्टॉटलनेच आणखी एक दाखला दिला आहे. लेस्बॉस बेटावरील बांधकामात शिशाची मापनपट्टी वापरीत. ती ताठ नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाके. सर्वसाधारण कायदा ज्या प्रसंगी अपुरा पडतो त्या प्रसंगी न्यायबुद्धीने असेच वाकले पाहिजे, असे त्याला म्हणायचे आहे. ही पट्टी आम्हांला नेहमी धोक्याची वाटे. वाकणारी पट्टी कोणाच्याही सोयीने वाकेल, मग माप कसले? रेडियलची डोलकाठी या शंकेला उत्तर देते असे आम्हांला वाटते. ती वाकते, परंतु कोणाच्या मर्जीने नाही. किती वाकावी हे ठरलेले आहे आणि त्या वर्गातील सर्वांची सारखीच वाकते. सवलत आणि प्रमाण यांत फरक आहे तो येथे. सवलत देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याची मान खाली. प्रमाणात बसलेल्या माणसाला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकपासून स्त्रियांची शर्यत रेडियलवर होते. त्या विजेत्यांना कोणी लहान शिडाची सूट मिळाली असे म्हणत नाही. आमच्या देशाच्या नेत्रा कुमनन यांनी याच होडीवर २०२१ साली टोकियोची पात्रता मिळवली. शिडाच्या शर्यतीत ऑलिंपिकला पात्र ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

येथवर सारे गोड आहे. पण प्रमाण ठरवताना कोणीतरी बाहेर राहतेच, हेही सांगायला हवे. हलक्यांसाठी शिडे लहान होत गेली. शंभर किलोच्या धिप्पाड माणसासाठी लेझरचे मोठे शीड मात्र ऑलिंपिकमध्ये नाही. त्याच्यासाठी 'फिन' नावाची निराळी होडी होती, स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी १९४९ साली रेखाटलेली. स्वतः कर्बी १९५६ आणि १९६४ साली ऑलिंपिकमध्ये फिनच चालवत होते. १९५२ पासून चालत आलेली ती होडी टोकियोनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. त्यामागे स्त्री-पुरुषांच्या स्पर्धांचा समतोल साधण्याचा रास्त विचार होता. तरीही त्या धिप्पाड माणसाचा दोष काय, असे विचारले तर सरळ उत्तर आमच्याजवळ नाही. मर्यादित जागांत न्याय वाटायचा म्हणजे एखाद्याचे रास्त मागणे बाजूला ठेवावेच लागते. ते ठेवताना निदान ते रास्त नव्हते, असा बहाणा तरी करू नये.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सर्व होड्या एकाच साच्याच्या हव्यात तर साचा कोणाच्या तरी हाती हवा. ज्याच्या हाती साचा, त्याच्या हाती किंमत. घराजवळचा कुशल कारागीर तसेच शीड स्वस्तात शिवू शकतो, त्या शिडाने सरावही करता येतो. शर्यतीत ते चालत नाही. म्हणजे श्रीमंतीचा फरक पुसण्यासाठी केलेला नियमच गरिबाकडून जास्त पैसे काढतो, असेही घडते. नावाचा हक्क एकाकडे, आराखड्याचे करार दुसरीकडे, नियम करणारी संघटना तिसरी, अशी वाटणी झाल्यावर भांडणे होणारच होती. २०१३ साली कर्बी आपल्या मानधनासाठी अमेरिकेत न्यायालयात गेले. २०१९ साली संघटनेने एका मोठ्या उत्पादकाची मान्यता काढून घेतली, जुने नाव सोडले आणि अनेक उत्पादकांना दार उघडले. मक्तेदारी सैल झाली. परंतु लगेच नवी कुजबुज सुरू झाली: अमक्या देशाची होडी तमक्या देशाच्या होडीपेक्षा चपळ असते म्हणे. एक राखणदार असला तर तो खंडणी घेतो, अनेक असले तर मापाविषयी संशय येतो. धर्मसंस्था असो, सहकारी पतपेढी असो वा पंचायत, हा पेच आम्ही पाहिलेल्या प्रत्येक व्यवस्थेत आढळला आहे. होडीत तो केवळ उघडा पडतो.

आणि फायबरग्लासही अजर नाही. ते लाकडासारखे कुजत नाही, वाळवी लागत नाही, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे लाटांचे तडाखे खाऊन, बसणाऱ्याचा भार सोसून काचतंतूंचा थर मऊ पडतो; पाठ पायाखाली दबू लागते. दिसायला होडी तीच, पण लाटेवर ती किंचित लवते आणि वेग हरवते. नवी होडी ताठ असते. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी नवी घेऊ शकणारा पुन्हा पुढे जातो; समोरच्या दाराने घालवलेला पैसा परसदारातून आत येतो. ऑलिंपिकमध्ये याला उपाय केला आहे: आयोजक सर्वांना नव्या होड्या पुरवतात आणि कोणती कोणाला हे चिठ्ठीने ठरते. माणसाची अक्कल जिथे संपली तिथे चिठ्ठी टाकायची ही रीत प्रेषितांच्या कृत्यांइतकी जुनी आहे. गावोगावच्या लहान शर्यतींत मात्र ज्याची त्याची होडी.

चिठ्ठीही टाकली जाते ती किनाऱ्यावर पोहोचलेल्यांतच. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत मुलींच्या, ४.७ शिडाच्या शर्यतीत नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या मुलीने रौप्यपदक मिळवले. ती मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या शेतकरी कुटुंबातली; समुद्र तेथून शेकडो कोस दूर. ती शिकली भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन शाळेत, तलावाच्या पाण्यावर. त्याच स्पर्धांत मोठ्या शिडाच्या शर्यतीत सैन्यदलातील विष्णू सरवणन यांनी कांस्यपदक पटकावले. एकाला सैन्याने होडी दिली, दुसरीला शाळेने. होडी हाती आल्यानंतरच्या न्यायाचा विचार आपण एवढा वेळ केला. होडी हाती येण्याआधीचा प्रश्न सगळा तसाच शिल्लक आहे.

आमच्या अर्नाळा, वसई, उत्तन, गोराईच्या मुलांना वारा ओळखायला शिकवावे लागत नाही. कोणत्या महिन्यात दुपारनंतर वारा कोठून चढतो हे त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेले असते. पण त्यांची वडिलार्जित होडी आता यंत्रावर चालते, तीही पुष्कळदा फायबरग्लासचीच. शीड त्यांनी आजोबांच्या गोष्टींत ऐकले. क्रीडेची शिडाची होडी त्यांना दिसते ती मुंबई बंदरात, दुरून. या मुलांमध्ये एखादी नेहा असेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तसे पाहण्याची सोयच नाही.

शर्यतीतून बाद झालेली, पाठ मऊ पडलेली जुनी होडी नव्या होडीच्या किमतीच्या लहानशा भागात मिळते. शर्यतीला ती निरुपयोगी, पण शिकणाऱ्याला तिचा हरवलेला वेग कळतही नाही. चार-पाच धर्मग्रामांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी मिळून अशी एक घेतली, आणि भरतीच्या वेळी खाडीच्या आतल्या, शांत पाण्यात एखाद्या जाणत्या नाखव्याच्या देखरेखीखाली चालवली, तर फार मोठा खर्च नाही. ती ठेवायची कोणाच्या आवारात, कुलपाची किल्ली कोणाकडे, आणि मुलींच्या पाळ्या मुलांइतक्याच लागतात की नाही हे कोण पाहणार, यावर आधी बसून बोलावे लागेल. पैसे एकाच शिडापुरते असले तर ते ४.७ चे घ्यावे, आणि खालची डोलकाठी त्याच्याच मापाची.